ढेकूण, डीडीटी आणि आमचा सोफा

सोफ्यात ढेकूण निघाले की आपला हात आधी फवाऱ्याकडे जातो. ही सवय लावली डीडीटीने. १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलरने त्याची कीटकनाशक ताकद शोधली, १९४८ला नोबेल मिळवलं. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी पर्ल हार्बरच्या नौदल बराकींतले ढेकूण डीडीटीला दाद देईनासे झाले होते. पॅच गाजतोय तोवर बगने पळवाट काढलेली!

पुढे पायरेथ्रॉइड आली. पण तीही डीडीटीसारखीच कीटकाच्या मज्जासंस्थेतल्या सोडियम-मार्गांवर घाव घालतात. म्हणजे डीडीटी पचवलेल्या ढेकणांचा निम्मा अभ्यास आधीच झालेला. घरगुती फवारे बरेचसे याच जातीचे, आणि आपण ते हॉलमध्ये, पोरांच्या नाकाजवळ मारतो. असो.

आजी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. शास्त्र तिच्याच बाजूचं आहे: ५० अंशांवर तास-दीड तास राहिलं तर अंडीसुद्धा मरतात. नुसतं ऊन मात्र भरवशाचं नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो.

आता फोमच्या सोफ्यात पाणी ओतणार कसं? म्हणून आम्ही तो उलटा केला, खालचं काळं कापड काढलं, व्हॅक्यूम मारला आणि प्रत्येक शिवणीवरून स्टीमर अगदी सावकाश फिरवला. राहिलेली अंडी फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. ढेकूण उपाशी महिनोन्महिने जगतो, तेव्हा सोफा नुसता बंद खोलीत ठेवून भागत नाही.

दुसऱ्या फेरीनंतर एकही दिसला नाही. तिसरी बायकोच्या समाधानासाठी :)