इंटरनेटवरील पाळत (खान्देश)

मोबाइल किंवा संगणक वापरणाऱ्याने काय पाहिले, कुठे रेंगाळला, काय विकत घेतले याची नोंद ठेवणे आणि त्या नोंदीच्या जोरावर जाहिराती विकणे. मोफत मिळणारे व्हिडिओ, नकाशे, बातम्या यांचा खर्च मुख्यतः यातूनच भागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत हा व्यवहार इतर महाराष्ट्रासारखाच चालतो. तरी खान्देशची वेगळी नोंद घ्यावी लागते, कारण भारतातील खासगीपणाच्या कायद्याचा एक धागा याच मुलखातून निघाला आहे.

२९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली (ता. शहादा, जि. नंदुरबार) येथे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. या योजनेचा जाहिरातींशी काही संबंध नव्हता. पण तिच्याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे का, हाच प्रश्न ऐरणीवर आला. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने होकार दिला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यात आणीबाणीतील जबलपूर खटल्याचा निकाल रद्दबातल ठरवला. त्या निकालात बहुमताच्या बाजूने त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. पुढे न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा अहवाल (२०१८), २०१९ चे विधेयक, ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची माघार असे वळसे घेत ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा’ ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यात १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे.

पाळतीचे सर्वांत जुने साधन म्हणजे कुकी. नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ती १९९४ मध्ये तयार केली, ती ग्राहकाने दुकानाच्या पानावर काय निवडले हे लक्षात राहावे म्हणून. एकच जाहिरात कंपनी हजारो संकेतस्थळांवर स्वतःची कुकी ठेवू लागली तेव्हा तिचा स्वभाव बदलला. मोबाइलवर हेच काम फोनला दिलेला जाहिरात-क्रमांक करतो. रावेर-सावद्याकडचा बागायतदार सकाळी केळीचे भाव पाहायला एखादे पान उघडतो. पान पूर्ण दिसण्याआधीच त्यावरील रिकाम्या चौकटीसाठी लिलाव होऊन गेलेला असतो. त्याचा जाहिरात-क्रमांक, अंदाजे ठिकाण, फोनची भाषा, आधी पाहिलेल्या गोष्टींवरून बांधलेला आवडीनिवडीचा अंदाज हे सगळे बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांच्या यंत्रांकडे जाते. जिंकणाऱ्याची ठिबकची किंवा टिश्यू कल्चर रोपांची जाहिरात झळकते. हरलेल्यांकडेही माहिती पोहोचलेली असतेच, आणि या व्यवहारातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग हाच आहे.

दुसरा मार्ग दुकानाच्या गल्ल्यावरून जातो. सोन्याच्या, कापडाच्या, चपलांच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर विचारला जातो आणि गिऱ्हाईक तो सहज सांगून टाकते. नंबरांची अशी यादी फेसबुकवर चढवण्याची सोय व्यापाऱ्यांना २०१२ पासून उपलब्ध आहे. कंपनी ते नंबर सांकेतिक रूपात आपल्या खात्यांशी जुळवते आणि नेमक्या त्याच माणसांना, हवे तर त्यांच्यासारख्या इतरांनाही, जाहिरात दाखवते. लगीनसराईत मंगळसूत्र घेताना नंबर दिला आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर त्याच दुकानाचे दागिने फोनवर दिसू लागले, तर त्यात जादू नाही. ‘फोन आपलं बोलणं ऐकतो’ असे गावोगावी ऐकू येते. असल्या जाहिरातीला ऐकण्याची गरजच पडत नाही. नव्या कायद्यानुसार बिल पाठवण्यासाठी दिलेला नंबर बिलापुरताच वापरता येतो, जाहिरातीसाठी वेगळी संमती लागते. वहीत लिहून घेतलेला नंबर नंतर संगणकात चढवला, तरी तो कायद्याच्या कक्षेत येतो. बाजारपेठेतल्या किती दुकानदारांना याची कल्पना आहे, हा प्रश्नच आहे.

पैसा उलट दिशेनेही येतो. लग्नाच्या वरातीत वाजणारी अहिराणी गाणी आणि खान्देशी विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर फुकट पाहायला मिळतात. पात्र ठरलेल्या वाहिनीला लांब व्हिडिओंवरील जाहिरात-उत्पन्नातून ५५ टक्के वाटा मिळतो, बाकीचा कंपनीकडे राहतो. दर मात्र गाण्याच्या गुणावर ठरत नाही; कोण पाहतो, कुठे पाहतो यावर ठरतो. सुरतच्या उधना-लिंबायत भागात राहणारा धुळ्याकडचा कामगार तेच गाणे ऐकतो तेव्हा त्याला बहुधा सुरतेतल्या जाहिराती दिसतात. पाळत सरसकट बंद झाली तर पहिला फटका अशा छोट्या निर्मात्यांना बसेल, हे कंपन्यांचे म्हणणे सोयीचे असले तरी अगदीच खोटे नाही.

व्हॉट्सॲपने निराळी वाट धरली. काही देशांत वर्षाला एक डॉलर घेण्याची जुनी पद्धत २०१६ मध्ये सोडून दिली आणि व्यापाऱ्यांकडून निरोपांचे पैसे घेण्याकडे मोर्चा वळवला. २०२१ मध्ये ‘अटी मान्य करा’ असे बजावणारे धोरण आले. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याबद्दल मूळ कंपनी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि जाहिरातींसाठी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी मात्र उठवली.

डेटा संरक्षण कायद्याचा सारा डोलारा संमतीवर उभा आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आहे, अहिराणी नाही. २०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या नावाखाली सुमारे १८.६ लाख भाषक नोंदले गेले. मातृभाषा मराठी सांगणारे अहिराणी भाषक वेगळेच. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे, पण घरातला एकच फोन बापाच्या नावावर असून संध्याकाळभर पोरांच्या हातात असतो, तिथे मूल कोणते आणि मोठा कोण हे यंत्राला कसे कळावे, याचे उत्तर नियमांत सापडत नाही. युरोपातील नियमांत असतो तसा कुकीचा उल्लेखही या कायद्यात नाही.

तक्रार आधी कंपनीकडे आणि मग डेटा संरक्षण मंडळाकडे करायची असते. मंडळाचे मुख्यालय दिल्ली परिसरात असले तरी कामकाज ऑनलाइन चालवायचे असल्याने जळगावच्या तक्रारदाराला तिकडे हेलपाटे घालावे लागणार नाहीत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती गेली त्याच्या पदरी त्यातून काही पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे कलम ४३-अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. खोटी किंवा उथळ तक्रार करणाऱ्या नागरिकाला मात्र १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.