कागद आधी, लेखणी नंतर : बुलेट जर्नलच्या साधनांविषयी प्रस्तावना

बुलेट जर्नल ठेवणारी दोन माणसे भेटली की बोलणे वहीवर येते. कागद किती जाड आहे, शाई मागे उमटते का, ठिपके डोळ्यांत भरतात की नाही, पेन ०.३८चे की ०.५चे, अशी चौकशी सुरू होते. बाहेरच्याला ही हौसेची, फार तर खरेदीची चर्चा वाटते. प्रस्तुत पुस्तकाची भूमिका वेगळी आहे. वही, कागद, शाई, टोक आणि चिकटपट्टी यांचा मिळून एक अभ्यासविषय होतो. त्यात रसायन आहे, व्यापाराचा इतिहास आहे आणि आपल्यापुरता एक मोठा प्रश्न लिपीचाही आहे. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत करावे आणि सुरुवात कुठून करायची ते सांगावे, म्हणून ही प्रस्तावना.

पद्धत आधी थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारे डिझायनर रायडर कॅरल यांनी ही पद्धत स्वतःच्या गरजेतून घडवली. लहानपणापासून त्यांना लक्ष एका जागी टिकवणे अवघड जात असे. २०१३ मध्ये त्यांनी ती लोकांसमोर मांडली आणि २०१८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. कामासाठी ठिपका, घटनेसाठी वर्तुळ, नोंदीसाठी आडवी रेघ. काम झाले की ठिपक्यावर फुली मारायची. पुढे ढकलले तर त्याच ठिपक्याचा बाण करायचा. सुरुवातीला अनुक्रमणिका, मग येणाऱ्या महिन्यांची पाने, चालू महिना आणि रोजच्या नोंदी. महिनाअखेरीस उरलेली कामे तपासायची आणि जी खरोखर करायची आहेत तेवढीच पुढच्या पानावर हाताने उतरवायची. रोजकीर्दीतल्या नोंदी खतावणीत नेणाऱ्या आपल्या जुन्या दुकानदारांना ही शिस्त अनोळखी वाटली नसती. रोज घडेल तसे लिहायचे आणि नंतर निवडून योग्य खात्यावर टाकायचे, ही हिशेबाच्या वहीची चाल आहे.

या पद्धतीला लागते एक वही आणि एक पेन, हे कॅरल स्वतः सांगत आले आहेत, आणि ते खरे आहे. मग साधनांवर अख्खे पुस्तक कशासाठी? यासाठी की ही वही दिवसातून अनेकदा उघडली जाते, तिच्यात तेच ते चिन्ह पुन्हा गिरवले जाते आणि मागची पाने सतत चाळली जातात. कागद शाई पसरवणारा असेल तर महिन्याभरात ठिपका, फुली आणि बाण एकमेकांत मिसळतात. पेन मागे उमटणारे असेल तर पानाची एक बाजू वाया जाते. वही सपाट उघडत नसेल तर डाव्या पानाची आतली कड लिहायची राहून जाते आणि हळूहळू वहीच मागे पडते. साधन चुकीचे निवडले की पद्धतीवर अविश्वास बसतो, आणि दोष मात्र माणूस स्वतःच्या आळसाला देतो. माझ्या मते या विषयाचे महत्त्व इथे आहे.

सुरुवात कागदापासून करावी. दुकानात आपण पेन हाताच्या पंजावर नाहीतर बिलाच्या मागे चालवून पाहतो आणि वही नुसती चाळून घेतो. खरे तर क्रम उलटा हवा, कारण शाई कशी वागणार हे बरेचसे कागद ठरवतो.

कागद म्हणजे तंतूंचे जाळे. पाण्यात विरघळलेली शाई त्यावर पडली की तंतूंच्या फटींतून ती ओढली जाते आणि अक्षराला केस फुटतात. ही ओढ रोखायची तर तंतूंवर पाण्याला अटकाव करणारा थर हवा. आपल्याकडच्या जुन्या कागद्यांना हे पक्के ठाऊक होते. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाला खळ लावत, वाळवत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. म्हणून बोरूने लिहिलेली मोडी शतके उलटली तरी दप्तरांच्या कापडी रुमालांत स्वच्छ वाचता येते. युरोपात हे काम बराच काळ प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून काढलेल्या सरसाने होई. १८०७ मध्ये जर्मनीत मोरिट्झ इलिग यांनी राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली आणि यंत्रावर लिहिण्याजोगा कागद काढणे सोपे झाले. तुरटीने मात्र कागद आम्लधर्मी झाला; एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली कितीतरी पुस्तके पिवळी पडून हातात तुटतात, त्याचे हे एक मोठे कारण. आजचा चांगला लिहिण्याचा कागद आम्लरहित असतो. वहीच्या वेष्टनावर तसे छापले आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता जीएसएमविषयी. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन म्हणजे जीएसएम. ए-० हे माप बरोबर एका चौरस मीटरचे आणि ए-५ त्याचा बत्तिसावा भाग. म्हणून ८० जीएसएमच्या ए-५ पानाचे वजन अडीच ग्रॅम भरते आणि अडीचशे पृष्ठांच्या वहीत तीनशे ग्रॅमहून थोडा अधिक नुसता कागद असतो. जाडी वाढवली की हे वजन रोज पिशवीतून वाहावे लागते. शाळेच्या वहीचा कागद बहुधा ६०च्या आसपास असतो. बुलेट जर्नलवाल्यांत सर्वाधिक नावाजलेल्या जर्मन लॉइख्टटुर्म १९१७ वहीचा ८०. याच कंपनीच्या बुलेट जर्नल आवृत्तीची सुधारित वही १२० जीएसएमची आहे.

हा आकडा मोठा तितका कागद चांगला, असा समज सर्वत्र आहे आणि तो मोडायला जपानचा तोमोए रिव्हर कागद पुरेसा आहे. तो अवघा ५२ जीएसएमचा. हातात घेतला तर पोथीच्या पातळ पानासारखा सळसळतो. तरीही त्यावर फाउंटन पेनची ओली रेघ जशीच्या तशी उभी राहते, कडा फुटत नाहीत, मागच्या बाजूला शाई झिरपत नाही. सावली तेवढी दिसते, आणि शाई वाळायला वेळ लागतो, कारण ती आत शिरतच नाही. उलट शंभर जीएसएमचा फुगीर, मोकळ्या तंतूंचा कागद त्याच पेनने डागाळतो. वजनापेक्षा पृष्ठावरचा लेप आणि तंतूंची घट्ट बसण महत्त्वाची. सावली दिसणे आणि शाई झिरपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी शिकावे. सावलीची डोळ्यांना सवय होते. झिरपलेले पान कामातून जाते.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. परदेशी परीक्षणांत तो सापडत नाही. कागद हवेतला ओलावा धरतो. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात वहीचे पान मऊ पडते, कडा वळतात आणि हिवाळ्यात नीट वागणारी शाई किंचित पसरू लागते. उष्णतेचा प्रश्न आणखी वेगळा. पायलट कंपनीचे फ्रिक्सन पेन घासून खोडता येते, कारण घर्षणाच्या उष्णतेने साठेक अंशांना त्याची शाई रंगहीन होते. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढे तापमान सहज होते. शून्याखाली बऱ्याच अंशांपर्यंत गार केल्यास अक्षरे परत येतात. पण जपून ठेवायच्या नोंदी या शाईने लिहू नयेत, असे मी निक्षून सांगेन.

बाकीच्या पेनांचे वर्णन पुढे सविस्तर आले आहे. इथे एक भेद सांगून ठेवतो. काही शायांत रंग विरघळलेला असतो, काहींत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण तरंगत असतात. पहिल्या प्रकारची शाई तंतूंना रंगवते आणि पाण्याचा थेंब पडला की बहुधा पळते. दुसरीचे कण कागदावर बसतात आणि वाळल्यावर हलत नाहीत. जपानच्या साकुरा कंपनीने १९८२ मध्ये पिग्मा ही कणांची शाई आणली आणि १९८४ मध्ये पहिले जेल पेन. पिग्मा मायक्रॉनवरचे आकडे फसवे आहेत. ०५ म्हणजे अर्धा मिलिमीटर नव्हे, ०.४५, आणि ०१ म्हणजे ०.२५. ज्याला लिहिलेल्या मजकुरावर हायलायटर फिरवायचा आहे त्याने कणांची शाई घ्यावी आणि ती पूर्ण वाळू द्यावी. साधे बॉलपेनही कमी लेखू नये. त्याची शाई तेलकट व घट्ट असल्याने ती स्वस्त कागदावरही पसरत नाही. साठ जीएसएमच्या वहीवर महागड्या जेल पेनपेक्षा ते सरस ठरते.

सजावटीच्या साहित्यापैकी वाशी टेपची हकिकत इतकी सुंदर आहे की तिच्यासाठी थांबायला हवे. जपानच्या कुराशिकी शहरातली कामोई काकोशी ही कंपनी १९२३ मध्ये सुरू झाली ती माश्या पकडण्याचा चिकट कागद करण्यासाठी. पुढे ती रंगकामात लागणारी मास्किंग टेप बनवू लागली. जपानी कागदाची ही टेप पातळ, हाताने फाटणारी आणि काढल्यावर डाग न ठेवणारी. २००६ मध्ये टोकियोच्या तीन महिलांनी कंपनीला लिहिले की आम्हाला तुमचा कारखाना पाहायचा आहे. सोबत त्यांनी मास्किंग टेपवर स्वतः केलेले छोटे पुस्तक धाडले. गाड्यांच्या रंगाऱ्यांसाठी माल बनवणाऱ्या कारखान्याला आपल्या वस्तूचे हे रूप माहीतच नव्हते. त्या भेटीतून रंगीत टेपची कल्पना पुढे आली आणि २००८ मध्ये ‘एमटी’ ही मालिका बाजारात उतरली. वापरणाऱ्यांनी साधनाचा हेतू बदलल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला या विषयात दुसरे दिसत नाही.

साधनांचा व्यापार आपल्यालाही परका नाही. १९०५ मध्ये जपानच्या ओसाकात कोकुयो ही कंपनी सुरू झाली ती हिशेबाच्या वह्यांची पुठ्ठ्याची आवरणे बनवण्यासाठी. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या बनवायला घेतल्या. तीच पुढे कॅम्लिन झाली. २०११ मध्ये कोकुयोने कॅम्लिनचा मोठा हिस्सा घेतला. एक घराणे वहीचे, एक शाईचे. आज पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर बुलेट जर्नलला लागणारे जवळजवळ सारे साहित्य मिळते. तिथे दुकानदाराला विनंती करून प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या पेनाने चार अक्षरे लिहून, पान उलटून पाहावे. बोट फिरवून शाई पुसली जाते का तेही बघावे. या दोन मिनिटांच्या परीक्षेला पर्याय नाही.

आता लिपीकडे येतो. मराठी वाचकासाठी हे पुस्तक वेगळे लिहावे लागले ते या कारणाने. ठिपक्यांच्या वहीत दोन ठिपक्यांमधले अंतर सहसा पाच मिलिमीटर असते. हे माप रोमन अक्षरांना सोयीचे आहे. ती अक्षरे खालच्या रेघेवर बसतात. देवनागरी वरच्या रेघेला टांगलेली असते आणि तिला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते. ‘मूर्ती’ हा शब्द लिहून पाहावा. खाली दीर्घ ऊकार, वर रफार आणि वेलांटी. पाच मिलिमीटरांच्या ओळीत अक्षराच्या अंगाला अडीच दिले तर उरलेल्या अडीचात वरचा आणि खालचा संसार बसवायचा. ०.७च्या बॉलपेनने लिहिले की वरच्या ओळीतला ऊकार खालच्या ओळीतल्या रफाराला जाऊन भिडतो. ‘राष्ट्रीय’सारखा शब्द आला तर जोडाक्षर बुजून त्याचा गोळा होतो. ०.३८चे टोक घेतले तर तेच अक्षर मोकळे होते. ज्यांना जाड टोक प्रिय आहे त्यांनी ठिपक्यांची एक ओळ सोडून लिहावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे ठिपक्यांची ओळ ही पायाची रेघ न मानता शिरोरेघ मानावी. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढत आणि मग अक्षरे तिला लटकवत. ठिपक्यांच्या ओळीवर शिरोरेघ चालवली की छापलेले करडे ठिपके तिच्याखाली झाकले जातात आणि पान विलक्षण नितळ दिसते. रोमन लिहिणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. कामाचा ठिपका मात्र अक्षराच्या अंगाच्या मध्यावर आणि डावीकडे एक घर सोडून द्यावा. तो शिरोरेघेच्या वर गेला तर घाईत अनुस्वार म्हणून वाचला जातो.

या पुस्तकाचा क्रम त्यामुळे कागद, बांधणी, शाई, टोक, मग लिपी आणि शेवटी सजावट असा ठेवला आहे. बांधणीच्या प्रकरणात दोऱ्याने शिवलेल्या आणि नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या वह्यांची तुलना आहे. शिवलेली वही सपाट उघडते. शक्य असेल तर तीच घ्यावी. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या तीन महिन्यांत एक वही, एक काळे पेन आणि एक छोटी पट्टी यापलीकडे काही विकत घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आपले अक्षर किती जागा खाते, हात जोर देतो की हलका चालतो, वही घरात राहते की लोकलमध्ये उघडते, हे तेवढ्या काळात कळते. रंगीत पेने आणि टेप त्यानंतर आनंदाने घ्याव्यात.

वह्या बनवणाऱ्या आपल्या उद्योजकांना एक विनंती करतो. ठिपक्यांमध्ये सात किंवा आठ मिलिमीटर अंतर असलेली, शिवण बांधणीची, देवनागरीच्या मापाची वही काढा, आणि तिच्या वेष्टनावर कागदाचे वजन व तो आम्लरहित आहे की नाही हे छापा. आणि वाचकहो, तुमची मराठी अक्षरे किती उंचीत सुखाने बसतात ते पट्टीने मोजून दुकानदाराला सांगा. मागणी आली तरच अशी वही निघेल.