पाटण्याचे शहामृग

खानदेशात एके काळी शहामृग हिंडत होते, असे सांगितले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठी केळी, कापूस व ज्वारी पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेतला हा पक्षी सहजी उभा राहत नाही. तथापि त्याचा पुरावा जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे मिळाला आहे. पाटणादेवीच्या दर्शनास जाणाऱ्यांना हा डोंगरपायथा परिचित आहे. धुळे जिल्ह्यातील नद्यांच्या काठी अश्मयुगीन हत्यारांचा माग काढणारे पुरातत्त्ववेत्ते एस. ए. साळी यांनी १९७२-७३ च्या सुमारास येथे उत्खनन केले, तेव्हा दगडी हत्यारांच्या सोबतीने शहामृगाच्या अंड्यांची टरफले हाती आली.

अंड्यांचीच टरफले का? पक्षी जगला, मेला. मग त्याची हाडे कोठे गेली?

या प्रश्नाचा विचार करणारी एक स्वतंत्र विद्याशाखाच आहे. रशियन जीवाश्मतज्ज्ञ इव्हान येफ्रेमोव्ह (हे गृहस्थ विज्ञानकादंबऱ्याही लिहीत) यांनी १९४० मध्ये तिला ‘टॅफोनॉमी’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘ताफोस’ म्हणजे कबर आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या कबरेसाठी हाच ‘ताफोस’ शब्द आलेला आहे. दफनाचे नियम, असे या विद्येला मराठीत म्हणता येईल.

मरण प्रत्येक प्राण्याला येते. दफन मात्र फार थोड्यांना लाभते. उघड्या माळावर पडलेले शव गिधाडे आणि तरस फोडतात. उरलेली हाडे उन्हाने तडकतात, पावसाने झिजतात आणि काही वर्षांत मातीला मिळतात. नदीच्या पुराने त्यांवर लगोलग गाळ पसरला तरच ती वाचण्याची काही आशा. मग भूजलातील चुना आणि इतर खनिजे हाडांच्या छिद्रांत झिरपतात व हळूहळू हाड दगडासारखे जड होते. गोदावरी आणि मांजरा यांच्या जुन्या गाळात हत्ती, रानबैल, पाणघोडे यांचे अवशेष राहिले, ते असेच. खानदेशचा काळा पाषाण मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तप्त लाव्हाखाली सापडलेल्या जीवाचे काय उरणार! त्यामुळे आपल्याकडची जुनी दफनभूमी म्हणजे नदीनाल्यांचा गाळच.

पक्ष्यांची हाडे पोकळ व हलकी, ती लवकर मोडतात. शहामृगाच्या अंड्याचे कवच मात्र जवळजवळ दोन मिलिमीटर जाड, चुनखडीच्याच द्रव्याचे. म्हणजे ते जन्मतःच अर्धे दगड असते. माणसालाही त्याचे मोल कळले होते. आफ्रिकेतील कलाहारीच्या सान लोकांनी ही अंडी पाण्याची भांडी म्हणून वापरली. पाटण्याच्या माणसांनी टरफलांचे मणी केले, आणि एका तुकड्यावर समांतर रेषांच्या दरम्यान फुल्याफुल्यांची नक्षी कोरली. मला हा तुकडा एखाद्या राजमुद्रेहून अधिक मोलाचा वाटतो. रेडिओकार्बन पद्धतीने पाटण्याच्या टरफलांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील शास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात सापडलेल्या अशा टरफलांतून डीएनए मिळवला, आणि त्याचे आफ्रिकेतील शहामृगाशी असलेले नाते दाखवून दिले.

ही सारी साक्ष थरांच्या क्रमावर उभी आहे. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे तत्त्व १६६९ मध्ये मांडले निकोलस स्टेनो यांनी. १६६६ मध्ये फ्लॉरेन्सला आणलेल्या एका शार्क माशाच्या डोक्याचा अभ्यास करताना त्यांना आढळले, की खडकांत मिळणारे आणि लोक ज्यांना ‘जिभेचे दगड’ म्हणत, ते याच माशाचे दात आहेत. हे शरीरशास्त्रज्ञ पुढे धर्मगुरू व बिशप झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. आपल्या धर्मगुरूंच्या नामावळीत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, याचे मला नवल वाटते.

थर विस्कटला की साक्ष बिघडते. वाळूसाठी नदीपात्र उपसले जाते, विटांसाठी काठाची माती खोदली जाते. त्यात हाड सापडले तरी ते कोणत्या थरातले, हे मग सांगता येत नाही. विहीर खणताना नेहमीपेक्षा जड हाड किंवा जाड, वक्र टरफल दिसल्यास ते धुऊन कपाटात ठेवू नये. त्याला लागलेली माती तशीच राहू द्यावी, किती हात खोल मिळाले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे, आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांना ती जागाच दाखवावी.