फुल्ल

फुल्ल (विशेषण, लिंग-वचनाने न बदलणारे) : ‘पूर्ण भरलेला’ या अर्थाने मराठीत रुळलेला इंग्रजी शब्द. संस्कृतातला ‘फुल्ल’ म्हणजे उमललेला, ‘प्रफुल्ल’मधला, त्याच्याशी याचे नाते नाही. बोलताना ‘ल’वर जोर येतो म्हणून लिहितानाही तो जोडला जातो. त्यामुळे ‘फूल’शी गल्लतही टळते.

नामाआधी आला की हा शब्द बहुधा ‘फुल’ असा आखूड होतो आणि ‘हाफ’चा जोडीदार बनतो: फुल पँट, फुल प्लेट. कोल्हापूरजवळच्या कळंबा गावच्या केएमटी बसमध्ये आई, बाबा आणि लहानगा चढले, की बाबा कंडक्टरला एवढेच सांगतात, “दोन फुल, एक हाफ.” तिथे तिकीट हा शब्दही लागत नाही.

नामानंतर आला, की अर्थ ‘आता आणखी मावणार नाही’ असा होतो: टाकी फुल्ल, एसटी फुल्ल, नाटक हाउसफुल्ल. पावसाळ्यात कळंब्यात हाच शब्द तलावासाठी येतो. कात्यायनीच्या डोंगरातून येणारे ओढे हा तलाव भरतात आणि कोल्हापूर शहराने पिढ्यान्पिढ्या त्याचे पाणी प्यायले आहे. सांडव्यावरून पाणी पडायला लागले, की “कळंबा फुल्ल झालाय की!” ही खबर गावभर होते. गावाचे नाव तेच तलावाचे, तरी कोणाचा घोटाळा होत नाही.

कोल्हापूरच्या पंचगंगेला मात्र कोणी सहसा फुल्ल म्हणत नाही. नदी दुथडी भरून वाहते, पात्राबाहेर पडते. तिचे माप राजाराम बंधाऱ्यावर फुटांत सांगतात: 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. फुल्ल व्हायला ठरलेली मर्यादा लागते. तलावाला सांडवा असतो, बसला आसने असतात. नदीला ‘आता मावणार नाही’ अशी रेघ नाही.

म्हणूनच या शब्दाने जुने शब्द हटवले, ही तक्रार मला पटत नाही. तुडुंब, काठोकाठ, गच्च, शिगोशीग यांत भरलेपण डोळ्यांना दिसते. शीग धान्याच्या मापावर चढते, काठ भांड्याला असतो, गच्च पोते दाबून भरलेले असते. तलाव फुल्ल झाल्याची खबर ऐकून बांधावर गेलेला माणूस पाणी पाहिल्यावर म्हणतो, “तुडुंब भरलाय!”

जोर दाखवायचा असला, की नामाआधीही ‘फुल्ल’ सर्रास येतो: फुल्ल स्पीड, टीव्ही फुल्ल आवाजात.