अडुळसा

अडुळसा हे ॲकँथेसी कुलातील सदाहरित झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव जस्टिसिया ॲधाटोडा आहे. संस्कृतमध्ये त्यास वासा, वासक किंवा आटरूषक म्हणतात. पाला कडू असल्याने शेळ्याही त्यास सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून ते परसात व कुंपणाला लावतात. फुले पांढरी असून त्यांवर जांभळट रेषा असतात.

आयुर्वेदात अडुळसा कफ-पित्तनाशक मानला असून खोकला, दमा व रक्तपित्त यांवर तो सांगितला आहे. पानांतून रस सहज निघत नाही. त्यामुळे ती वाफवून किंवा पुटपाक पद्धतीने भाजून पिळतात व रस मधातून देतात. वासावलेह हे त्यापासूनचे प्रसिद्ध औषध आहे. पानांतील व्हॅसिसीन या अल्कलॉइडच्या रचनेवरून ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे कृत्रिम औषध तयार झाले. घरगुती काढा आणि दुकानातील सिरप यांत त्यामुळे वाटते तेवढे अंतर नाही.

व्हॅसिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. झाडपाला निरुपद्रवी असतो हा समज येथे धोक्याचा ठरतो. गर्भवतींनी अडुळसा घेऊ नये. थुंकीतून रक्त पडण्यावरही परंपरेने अडुळसाच दिला जातो. परंतु ते क्षयाचे लक्षण असू शकते आणि केवळ काढ्यावर विसंबल्यास निदान लांबते.