पाटी तीच, संगणक नवा: कोआलापॅडची गोष्ट

१९६४ साली अमेरिकेतील रँड संस्थेने संगणकावर रेखाटन करण्यासाठी जी विद्युत-पाटी घडवली, तिची किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती. पुढच्या वीस वर्षांत अशीच पाटी घराघरांतील मुलांच्या मांडीवर आली. तिचे नाव कोआलापॅड. रचनाकार डेव्हिड थॉर्नबर्ग. वहीएवढाही नसलेला चौकोनी स्पर्शपृष्ठभाग आणि त्याच्या वरच्या कडेला दोन बटणे, एवढाच तिचा संसार.

पण घरातला संगणक बदलला की पंचाईत होई. म्हणूनच अ‍ॅपल २, अटारी, कमोडोर ६४, आयबीएम पीसी अशा प्रत्येक यंत्रासाठी ही पाटी वेगळी विकली जात असे.

असे का? कारण ही पाटी संगणकाला आकडे पाठवतच नसे. खेळांत फिरवायच्या दोन खुंट्यांचे, म्हणजे पॅडलचे, ती सोंग घेई: एक खुंटी आडव्या स्थानाची, दुसरी उभ्या. खुंटीचा विद्युतरोध जितका जास्त, तितका संगणकातील धारित्र भरायला वेळ अधिक. तो वेळ मोजायचा आणि त्यावरून लेखणी कोठे टेकली आहे ते ठरवायचे!

अ‍ॅपल २ मध्ये यासाठी झाकण उघडून आतल्या १६ पायांच्या खोबणीत जोडणी करावी लागे. आयबीएमचा खेळ-जोड १५ पिनांचा. अटारी आणि कमोडोर मात्र सख्खी भावंडे वाटावीत इतकी सारखी: दोघांचा जोड ९ पिनांचा, १९७७ च्या अटारी २६०० पासून चालत आलेला, आणि खुंट्यांच्या तारा दोन्हींकडे ५ व ९ क्रमांकाच्याच पिनांवर.

म्हणजे जोड बसे. माप जुळत नसे. अटारीची पोकी चिप पडद्याच्या दर रेषेमागे एक अंक मोजत २२८ पर्यंत जाई. कमोडोरची सिड चिप ५१२ ठोक्यांत, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदात, ० ते २५५ चा हिशेब संपवी. अटारीची खुंटी १० लाख ओहमची, कमोडोरची साधारण निम्मी. त्यामुळे अटारीची खुंटी कमोडोरला लावली की अर्ध्या वाटेतच आकडा शेवटाला टेके. (गंमत अशी, की या दोन्ही चिपा मुळात आवाजासाठी ओळखल्या जातात.)

त्यात कमोडोरमध्ये कळफलक तपासण्याचे काम आणि खुंट्यांची निवड एकाच मार्गावर. कळफलकाची तपासणी क्षणभर थांबवली नाही, तर वाचन बिघडे आणि रेघ थरथरे.

हे सारे जमवले तरी खरे नुकसान उरेच. पाटी नव्या घरी गेली तरी जुनी चित्रे जात नसत. कमोडोरवरील कोआला चित्र-फाइल नेमकी १०,००३ बाइटांची: ८,००० आकृतीचे, १,००० आणि पुन्हा १,००० रंगांचे, १ पार्श्वभूमीचा, २ स्मृतीतील पत्त्याचे. ही मांडणी त्या एका यंत्राच्या पडद्यालाच बेतलेली; अटारीची रंगव्यवस्था निराळी. रूपांतराचा प्रोग्राम हाताशी नसेल, तर चित्र पुन्हा काढणे एवढाच मार्ग.

कोआलापॅड बाजारातून केव्हाच गेला. कमोडोर ६४ साठी चित्रे काढणारे हौशी कलावंत मात्र ती १०,००३ बाइटांची मांडणी आजही वापरतात, आता बहुधा माउसने.