शरीरसौष्ठवाच्या एक आद्य उपासिका

आमच्या ज्ञातीतील कित्येक पालक मुलीला व्यायामशाळेत धाडावयास अद्यापि कचरतात. त्यांच्यासाठी हा परदेशीय वृत्तान्त. अमेरिकेतील सँटा मोनिका येथील, १९१७ साली जन्मलेल्या अ‍ॅबी स्टॉकटन ह्या टेलिफोन-कचेरीत बैठे काम करीत. वजन वाढू लागले, तेव्हा त्यांचे भावी पती लेस ह्यांनी डंबेल्स आणून दिले. वजने उचलल्याने स्त्रीचा देह पुरुषी होतो, असा समज त्या काळी तिकडेही दृढ होता. (जुन्या वळणाचे काही आपणच नव्हतो!) ह्या समजाला बाईंचा सुडौल बांधा हेच उत्तर ठरले. तेथील 'मसल बीच' ह्या समुद्रकिनाऱ्यावर पतीच्या उंचावलेल्या हातांवर उभ्या राहून त्या डोक्यावर वजन तोलून धरीत. १९४४ पासून त्यांनी एका व्यायामविषयक मासिकात स्त्रियांसाठी सदर चालविले. १९४७ मध्ये स्त्रियांच्या भारोत्तोलनाची पहिली अधिकृत स्पर्धा भरविण्यात त्यांचाच पुढाकार होता. तीत त्यांनी स्वतः १३५ पौंड उचलले. स्वतःचे वजन मात्र सुमारे ११५ पौंड! ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या भारोत्तोलनास प्रवेश मिळाला तो थेट २००० साली, सिडनी येथे. तेथे आपल्या कर्णम मल्लेश्वरी ह्यांनी कांस्यपदक पटकाविले, तेव्हा अ‍ॅबीबाई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. २००६ साली त्यांचे निधन झाले.